वहाणेतला खडा

इंग्रजीच्या तासाला 'स्क्रूपल' हा शब्द आला, की आपण समासात 'दिक्कत, मनाची टोचणी' असा अर्थ टिपून पुढे सरकतो. थोडे थांबून पाहिले, तर या शब्दाचे चरित्र मोठे बोलके आहे.

मूळ लॅटिन 'स्क्रूपुलस' म्हणजे अणकुचीदार बारीक खडा. वहाणेत शिरलेला खडा वाट अडवत नाही. पण पावलापावलाला बोचत राहतो. आपल्या 'टोचणी'च्या पोटातही हेच चित्र आहे. इंग्रज औषधविक्रेत्यांच्या जुन्या तराजूत 'स्क्रूपल' हे वजनही होते : २० ग्रेन, औंसाचा २४वा भाग, म्हणजे सव्वा ग्रॅमहून किंचित अधिक.

गंमत अशी, की इंग्रजीत हा शब्द बहुधा नकाराच्या सोबतीनेच वावरतो. अमक्याला 'स्क्रूपल्स' आहेत, असे क्वचित ऐकू येते. ते नाहीत, हे वारंवार. तो क्रियापद झाला, तरी 'खोटे बोलायला तो कचरला नाही' अशाच धर्तीच्या वाक्यात. आपण तरी काय करतो? 'विधिनिषेध' आठवतो तो न बाळगणाऱ्यापुरता, आणि 'चाड' तर बहुधा नसतेच!

'स्क्रूप्युलस' हे विशेषण तेवढे होकारार्थी राहिले; पण त्याचा रोख आज पुष्कळदा नुसत्या काटेकोरपणाकडे असतो. त्यामुळे लाचेच्या पैशाचा पै न् पै हिशेब ठेवणारा मनुष्य एकाच वेळी 'स्क्रूप्युलस' आणि 'अनस्क्रूप्युलस' ठरू शकतो.

नकारात राहणाऱ्या शब्दाचा एक धोका मला जाणवतो. तो नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. 'मला विधिनिषेध नाही' असे कोण म्हणेल? परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे मान वळते, दुसऱ्याचा निबंध आपल्या नावाने वार्षिकांकाकडे जातो, तेव्हा आपण म्हणतो, ''एवढ्याशाने काय होते?''

औषधाच्या तराजूला मात्र हे 'एवढेसे' ठाऊक होते. तेवढ्या फरकानेही औषधाचे विष होऊ शकते. म्हणून वाटते, हा शब्द कधीतरी आपण होकारार्थी आणि प्रथमपुरुषी वापरून पाहावा : मला टोचते आहे. वहाण काढून खडा झटकणे सोपे आहे. पण त्याआधी तो बोचायला हवा, आणि त्यासाठी तळवे निबर झालेले नसावेत.