रेव्हरंड टिळकांचा संसार

आपल्याकडे एखादा भला माणूस गेला की शोकसभेत एक वाक्य हमखास येतं. "त्यांनी कधी घराचा विचार केला नाही हो, सगळं आयुष्य लोकांसाठी वेचलं." शाळामास्तर, डॉक्टर, कार्यकर्ते, सगळ्यांना हे वाक्य चालतं. धर्मसेवा करणाऱ्याला तर ते मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखं बसतं. सभेत माना डोलतात. पहिल्या रांगेत त्या माणसाची बायको बसलेली असते, तिच्याकडे कोणी बघत नाही.

मला हे वाक्य आवडत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण हे वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे गेलेल्या माणसालाही ते लहानच करतं. का, ते सांगायला मला मराठीतल्या एका पाळकाची आठवण पुरेशी आहे: रेव्हरंड नारायण वामन टिळक.

(आमच्यातल्या नसलेल्या मंडळींसाठी थोडं. कॅथलिक फादर अविवाहित असतात, पण प्रॉटेस्टंट चर्चचा पाळक आपल्यासारखाच संसारी माणूस. घर बहुधा चर्चच्या जवळच, आणि दार चोवीस तास उघडं. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. त्यांचं बारसं, लग्न, आजारपण, भांडण, मरण, सगळं त्या दारातून आत येतं. आणि आत चूल एकच असते.)

टिळक १८६१ चे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. चित्पावन ब्राह्मण घर. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचून मनात जे सुरू झालं त्याचा शेवट १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाला. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते पाळक झाले. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) शिकवलं, 'ज्ञानोदया'त लिहिलं, गावोगाव हिंडले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. म्हणूनच परकी चाल आणि भाषांतरित शब्द यांच्या जागी त्यांनी आपल्या लोकांच्या ओठांवर अभंग आणि भजनं ठेवली. 'उपासना संगीत' उघडलं की कितीतरी गीतांखाली त्यांचं नाव दिसतं. बाकीच्या महाराष्ट्राला ते फुलांवर आणि मुलांवर लिहिणारे कवी म्हणून माहीत आहेत.

हे सगळं कुठल्याही कोशात मिळेल. पण टिळक माणूस म्हणून कसे होते हे आपल्याला कळतं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. १९३४ पासून भागाभागाने निघालेलं हे पुस्तक ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यांना ते पहिल्यांदा वाचायला मिळणार आहे! नवऱ्याचा उल्लेख त्या सरळ 'टिळक' असा करतात. ना 'हे', ना 'आमचे यजमान'. त्या एका शब्दात जवळीकही आहे आणि चार पावलं मागे होऊन बघणंही आहे.

त्यांनी दाखवलेले टिळक कसे? पटकन चिडणारे आणि तितक्याच पटकन विरघळणारे. मनात आलं की घरातून निघून जाणारे. पैसा हातात टिकू न देणारे. समोरच्याला गरज दिसली की असेल ते देऊन मोकळे होणारे. बाजारहाटापासून बिऱ्हाड हलवण्यापर्यंत कशातच हिशेब नाही. वाचताना आपण हसत सुटतो, कारण लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. पण हसू ओसरलं की लक्षात येतं, ज्या घरात पैसा टिकत नाही तिथे संध्याकाळी पीठ कुठून आणायचं हा प्रश्न कोणाला तरी पडलेलाच असतो. तो टिळकांना पडत नव्हता.

आणि मग बाप्तिस्म्यानंतरची ती वर्षं. नवरा ख्रिस्ती झाला. बायको सोवळ्याओवळ्यात वाढलेली, पदरात दत्तू अगदी लहान. जवळपास पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. ती पंढरपूर वगैरे ठिकाणी नातेवाइकांच्या आधाराने, तो नगरकडे. नवरा जिवंत आहे पण घर नाही, अशा बाईकडे १८९५ सालच्या समाजाने कसं बघितलं असेल ते वेगळं सांगायला नको. टिळकांनी सत्याचा शोध घेतला आणि त्याची किंमत मोजली, हे खरंच आहे. जातगोत तुटलं, मानमरातब गेला. पण त्या किमतीचा मोठा हिस्सा अशा व्यक्तीच्या नावावर पडला जिने तो शोध सुरूच केला नव्हता.

इथे मला टिळकांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांनी बायकोला ओढून चर्चमध्ये नेलं नाही. पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, वाट बघितली. त्या नगरला राहायला आल्या तेव्हाही सुरुवातीला आपलं सोवळं आणि आपली चूल सांभाळूनच. नंतर एकदा त्यांच्याच मनाने घेतलं की ही जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे, आणि तिथून त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकोणिसाव्या शतकातल्या नवऱ्याने बायकोला तिच्या चालीने चालू देणं ही साधी गोष्ट नव्हती. टिळकांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मला त्यांचं हे थांबणं जास्त ख्रिस्ती वाटतं.

पुढचा संसार म्हणजे धर्मशाळाच. पोरकी मुलं आली, गरजू मुलं आली, कोणी शिकायला, कोणी नुसतंच राहायला. बालकवी ठोंबरे असेच आले. जळगावला १९०७ च्या कविसंमेलनात टिळकांनी या पोरसवदा कवीला हेरलं आणि पुढे तो त्यांच्या घरी राहिला. धर्म त्याचा तोच राहिला, कोणी बदलायला सांगितला नाही. टिळकांच्या औदार्याचं हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण घरात माणूस आणणं हे औदार्याचं पहिलं पाऊल. त्याला रोज दोन वेळा वाढणं, तो रुसला की समजूत काढणं, आजारी पडला की उशाशी बसणं ही पुढची हजार पावलं. 'स्मृतिचित्रं' वाचली की ती पावलं बहुतेक कोणाची होती हे कळतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायचा होता. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांची बिरादरी, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. कल्पना काळाच्या कितीतरी पुढची! आणि त्या वेळी त्यांचं वय पंचावन्न. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ ला, ते मुंबईत गेले. पगार सोडणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं. पगार सोडलेल्या घरात महिना काढणाऱ्याचं नाव राहायला 'स्मृतिचित्रं' लिहावी लागतात.

आता कोणी म्हणेल, टिळक हिशेबी असते तर ते टिळकच झाले नसते. अगदी मान्य. पोराबाळांच्या फीची काळजी करत बसणारा माणूस 'देवाचा दरबार' उघडत नाही. पण मग ते काम दोघांच्या नावावर लिहा ना! पूर्वी पेढीवर भागीदारीत दोघांची नावं लागत, एकाने भांडवल घातलं आणि दुसऱ्याने कष्ट घातले तरी.

दुसरं कोणी म्हणेल, बाई स्वतः तर तक्रार करत नाहीत, हसतायत. तुम्ही कोण त्यांचं दुःख उकरणारे? हा मुद्दा जास्त कठीण आहे, कारण 'स्मृतिचित्रां'त खरंच कडवटपणा नाही. पण माफ करणं हा लक्ष्मीबाईंचा हक्क. त्यांनी माफ केलं म्हणून आपण ती गोष्टच वहीतून खोडून टाकायची, असं होत नाही. त्यांनी स्वतःही खोडलेली नाही. सगळं सांगितलं, आणि सगळं सांगूनही प्रेम केलं. मला तर वाटतं, टिळकांवर आपला जीव जडतो तो त्यामुळेच. केवळ गौरवग्रंथातले टिळक असते तर आपण त्यांना लांबून नमस्कार केला असता आणि पान उलटलं असतं.

'ख्रिस्तायना'चंच बघा. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला टिळकांनी घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवर ते राहिलं. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. कधी शाळेत न गेलेल्या, घरीच अक्षरओळख झालेल्या बाईने! शेवट मुलाने, देवदत्ताने केला. नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम बायकोने पुरं करणं हे त्या घरात नवीन नव्हतं. या वेळी फक्त ते कागदावर उतरलं, म्हणून दिसलं.

आता थोडं घरातलं. नातेवाईक मंडळींपैकी बरेच जण इथे वाचतात म्हणूनच लिहितेय. आपल्या आजोबांची स्मरणिका काढायचं चाललं आहे. चाळीस वर्षं पाळक, चार गावांत चर्चं, लोक अजून नाव काढतात, सगळं आलंच पाहिजे. आलेल्या लेखांपैकी तीन मी वाचले. तिन्हींत 'पाळकसाहेबांच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही' हे वाक्य आहे. तिन्हींत आजीचं नाव नाही. एका लेखात 'त्यांच्या सुविद्य पत्नी' आहे, पण तीही बिननावाची.

माझी विनंती एवढीच आहे की आजीवर शेवटी एक वेगळं पान टाकून मोकळं होऊ नका. आजोबांच्याच गोष्टी सांगताना ती जिथे जिथे होती तिथे तिथे तिला येऊ द्या. रात्री अकराला आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा चूल पेटली, तर ती कोणी पेटवली ते लिहा. आजोबांनी बाबांच्या फीचे पैसे कोणाच्या तरी औषधाला दिले ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मग ती फी शेवटी कशी भरली गेली, तेही लिहा. आत्याला माहीत आहे, तिला विचारा. आणि आजोबा चिडत, हेही लिहायला हरकत नाही. चिडणारा माणूस चांगला नसतो असं थोडंच आहे?

यातून आजोबा कमी होतील अशी भीती मोठ्या काकांना वाटते. मला नाही वाटत. टिळकांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, बायकोने त्यांचे सगळे गुणदोष छापून ठेवले, आणि तरी रविवारी त्यांचं गीत लागलं की चर्च उभं राहून गातं. ज्याच्या घरच्यांनी खरं सांगितलं आणि तरी तो आवडता राहिला, तो माणूस खरा मोठा. आपले आजोबा त्या परीक्षेला उतरतील एवढा विश्वास आपण ठेवायला हवा.

असो. लेख पंधरा तारखेपर्यंत द्यायचे आहेत.