चित्रातल्या बाईला पुढे करून आपल्या मुलींना झोडपू नका

गेले तीन दिवस गावातल्या ग्रुपांवर एक परदेशी चित्र फिरतंय. रने ग्रुओ या चित्रकाराचं, १९५० च्या आसपासचं. काळा पायघोळ इव्हिनिंग गाऊन, कोपराच्या वर गेलेले हातमोजे, मुठीत मावेल एवढी कंबर. खाली मजकूर: 'पूर्वीच्या बायका बघा आणि आजच्या बघा!' आणि 'आजच्या' म्हणून शेजारी कोण? कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या आपल्याच गावच्या मुली. त्यांना न विचारता.

स्पष्टच बोलतो.

एक, ही 'पूर्वीची बाई' कधी नव्हतीच. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. फॅशनच्या चित्रात ती नऊ-दहा पट काढायची रीतच आहे, कपडा उठून दिसावा म्हणून. ही जाहिरातीची कला आहे हो, संस्कारवर्ग नाही!

दोन, ही फॅशन आली पॅरिसमधून. १२ फेब्रुवारी १९४७, ख्रिश्चन डिऑरचा पहिला शो. त्याला 'न्यू लूक' नाव पडलं. ग्रुओनं डिऑरसाठी जाहिराती काढल्या. आणि डिऑरच्या मागे पैसा कुणाचा? मार्सेल बुसाक या कापड गिरणीवाल्याचा. घेर मोठा तर कापड जास्त. हिशेब तुम्हीच करा.

तीन, त्या काळी तरी सगळ्यांनी हिला ओवाळलं का? युद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडमध्ये कपडे १९४९ पर्यंत रेशनवर. पॅरिसच्या माँमार्त्र भागातल्या बाजारात असा पोशाख घालून फोटोला उभ्या राहिलेल्या मॉडेलचे कपडे तिथल्या बायकांनी ओढून फाडले. अमेरिकेत बायकांनी लांब घेराविरुद्ध क्लब काढले. म्हणजे आज जिला 'शालीन' म्हणताय, तिलाच तेव्हा उधळी म्हणून शिव्या बसत होत्या.

आणि काका, चित्र नीट बघितलंत का? गाऊनचे खांदे उघडे आहेत! उद्या गावातली पोरगी हाच गाऊन घालून स्टेजवर आली तर पहिली बोंब तुमचीच असेल. मग प्रश्न कपड्याचा नाहीच. कागदावरची बाई उलटून बोलत नाही, म्हणून ती आवडते.

फोटो छापण्याआधी विचारावं, हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकवलं. ॲडमिन मंडळींनी एवढं करा: चित्र राहू द्या, सुंदर आहे. मुलींचे फोटो आज संध्याकाळच्या आत काढा. आणि त्यांची माफी मागा, ग्रुपवरच.