शाबासकी नेमकी कशाची?

मुलाला अमेरिकेतल्या शाळेत घातलं, की मराठी आई-बाबांना पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट खटकते. इथे कौतुक फार! रांगेत नीट उभा राहिला, स्टिकर. डबा खाऊन टेबल पुसलं, स्टिकर. वर्गातली काचेची बरणी गोट्यांनी भरली, तर सगळ्यांना पायजमा घालून शाळेत यायची मुभा. क्लासडोजोसारखं ॲप असेल, तर पोरगं घरी पोचायच्या आत त्याचे वागणुकीचे गुण आईच्या फोनवर हजर. मग वीकेंडला चार मराठी घरं जेवायला जमली, की विषय निघतोच. ‘‘आमच्या वेळी सरांनी वहीत ‘बरे’ असा शेरा दिला तरी आठवडाभर हवेत असायचो. ह्यांना उठता-बसता गुड जॉब!’’

या तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धंच. मी न्यू जर्सीत राहते, रविवारी मराठी शाळेत शिकवते आणि मुलीची इथली शाळाही आता आठ वर्षं जवळून बघते आहे. दोन्हींकडे बघून माझं मत असं झालंय, की कौतुक किती करायचं यापेक्षा कशाचं करायचं, हे जास्त महत्त्वाचं. आपल्या घरांपुरतं बोलायचं, तर पोरं पुढे मराठी बोलतील की नाही, हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेतली शाळा पहिल्यापासून अशी गोडीगुलाबीची नव्हती. शाळेत मारायला कायद्याने बंदी घालणारं पहिलं राज्य आमचं न्यू जर्सी, तेही १८६७ मध्ये. पण १९७७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘इंग्रॅहॅम विरुद्ध राइट’ खटल्यात निकाल दिला, की क्रूर शिक्षेवरची घटनेतली बंदी शाळेतल्या माराला लागू नाही. दक्षिणेतल्या काही राज्यांत आजही सरकारी शाळेत फळीने मारायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे कागदावर तरी याबाबतीत भारत पुढे आहे.

छडी बाजूला ठेवली, तर मग मुलाला कामाला लावायचं कसं? इथल्या शाळांनी उत्तर घेतलं ते मानसशास्त्राकडून. हार्वर्डचे बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास बघायला बसले होते. आपलं उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळतच नव्हतं, आणि हुशार, मागे पडलेली, सगळी एकाच चालीने चालली होती. शिकण्याची दाद तिथल्या तिथे मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे १९६८ मध्ये इलिनॉयच्या संशोधकांनी प्रत्यक्ष वर्गात पाहिलं. नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. मुलाच्या चांगल्या वागण्याची शिक्षकांनी दखल घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पडला. मुलाला चुकताना पकडण्याऐवजी बरोबर करताना पकडा, असं थोडक्यात म्हणता येईल.

पण याच देशातल्या संशोधकांनी बक्षिसांची दुसरी बाजूही दाखवली आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल.’ त्यांना ते मिळालंही. पण काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं रंगीत पेनांकडे आधीपेक्षा कमी वळू लागली. हौसेचं काम झालं होतं! अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. १९९८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केला. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. ‘हुशार’ मुलं तिथे लवकर खचली, आणि आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली.

पैसे देऊनही बघून झालं. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या प्रयोगात न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे दिले. गुण काही वाढले नाहीत. डलासमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून छोटी चाचणी दिली की दोन डॉलर मिळत. त्यातल्या त्यात फायदा दिसला तो तिथे. कारण सरळ आहे. पुस्तक वाचणं मुलाच्या हातात असतं, गुण कसे वाढवायचे हे त्याला ठाऊकच नसतं.

आता आपल्या घरात या. आपल्याकडे दोन्ही टोकं एकाच छपराखाली सापडतात. अठ्ठ्याण्णव गुण मिळाले, तर ‘दोन कुठे गेले?’ तोंडावर कौतुक केलं तर डोक्यावर बसेल, ही भीती. आणि पाहुणे आले, की त्याच पोराबद्दल ‘आमचा फार हुशार हो, अभ्यास न करता पहिला येतो!’ म्हणजे मेहनतीला शाबासकी नाही, आणि न केलेल्या अभ्यासाचं मात्र कौतुक.

याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो मराठीला. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिकेत ठिकठिकाणी मराठी शाळा भरतात, शिकवणारे बहुतेक हौशी पालक. आमच्या वर्गातही स्टारचा तक्ता आहे. लहानग्यांना सुरुवातीची भीड मोडायला तो उपयोगी पडतो. पण नऊ-दहा वर्षांची मुलं हिशोबाला पक्की. ‘मावशी, हा धडा वाचला तर स्टार आहे का?’ नाही म्हटलं, की पुस्तक बंद. या मुलांना स्टारपेक्षा नेमकं वाक्य जास्त पोचतं. ‘आज तू तीन वेळा अडखळलास, पण इंग्रजीत गेला नाहीस.’ ‘मागच्या रविवारी ‘ळ’ जमत नव्हता, आज ‘बाळ’ अगदी स्वच्छ म्हटलंस.’ आपण काय केलं म्हणून शाबासकी मिळाली, हे मुलाला कळलं की ते तो पुन्हा करतो. नुसत्या ‘व्हेरी गुड’मधून त्याला काहीच कळत नाही.

आणि खोटं कौतुक तर नकोच. पोरांना ते चटकन ओळखू येतं, मग खऱ्या शाबासकीचीही किंमत जाते.

भारतातल्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना म्हणूनच एक विनंती आहे. व्हिडिओ कॉलवर नात म्हणते, ‘‘आजी, माझा पुस्तक हरवला.’’ इकडे सगळे हसतात. हसण्यात प्रेमच असतं, हे मोठ्यांना कळतं. नातीला एवढंच कळतं, की मराठी बोललं की लोक हसतात. असं चार-पाच वेळा झालं, की ती ‘हाय आजी, आय ॲम फाइन’वर येते आणि फोन आईकडे देते. त्याऐवजी एवढंच म्हणा, ‘‘अगं बाई, तुझं पुस्तक हरवलं? कुठे हरवलं?’’ बरोबर रूप तिच्या कानावर पडतं, चूक कुणी दाखवत नाही, आणि आपल्या बोलण्यावर आजीने पुढचा प्रश्न विचारला, हीच तिची शाबासकी. त्या प्रश्नाचं उत्तर ती मराठीतच देईल, मोडकंतोडकं का होईना.

या दिवाळीत सगळी मंडळी फोनभोवती जमतील, तेव्हा पोरांना ‘काहीतरी मराठीत बोलून दाखव’ म्हणू नका. ते काय सांगताहेत ते ऐका आणि त्यावर पुढचं विचारा.