मुकी घंटा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं विजेचा नवा स्मार्ट मीटर बसला. तो आपला हिशेब आपणच कचेरीस कळवितो. “आजोबा, आतां माणसानें पाहण्याची गरजच उरली नाहीं,” असें आमचे नातू, जे वीजशास्त्राचे विद्यार्थी आहेत, मोठ्या ऐटीनें म्हणाले. मीं त्यांचें म्हणणें अर्धें मान्य केलें. उरलेल्या अर्ध्यासाठीं जी हकीकत सांगितली, ती वाचकांपुढें ठेवितों.

विजेचा मोठा सांठा धान्यासारखा कणगींत भरून ठेवणें सोपें नाहीं. जितकी खपते तितकी बहुतेक त्याच क्षणीं उत्पन्न व्हावी लागते. हा मेळ ढळला कीं प्रवाहाची कंपनसंख्या (आपल्याकडे सेकंदास ५०, अमेरिकेंत ६०) ढळूं लागते. इतक्या चपळ व्यवहारास मनुष्याची नजर पुरत नाहीं. तेव्हां तें काम यंत्राकडे गेलें, हें योग्यच झालें.

परंतु १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत काय घडलें? एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षांत धोक्याची सूचना देणारी संगणकव्यवस्था दुपारीं सव्वादोनच्या सुमारास निमूटपणें बंद पडली. दोन कारकुनांनीं एकाच वहींत एकाच क्षणीं लिहूं जावें, तसा कांहींसा घोटाळा तिच्या पोटांत झाला होता. पुढें मुख्य संगणकही थांबला. त्याची वर्दी संगणक सांभाळणाऱ्या मंडळींस पोंचली, त्यांनीं तो पुनः चालूही केला. मात्र ‘सूचना येऊं लागल्या काय?’ हें कक्षांतील मंडळींस कोणी विचारलें नाहीं!

इकडे तीन वाजून पांच मिनिटांपासून पाऊण तासाच्या आंत ३,४५,००० व्होल्टच्या तीन वाहिन्या, भारानें तापून खालीं झुकलेल्या, वाढलेल्या झाडांस लागून एकामागून एक बंद पडल्या. शेजारच्या कंपन्यांकडून दूरध्वनीवर विचारणा होत होती. पण पडद्यावर सारें शांत दिसे, आणि विश्वास पडद्यावरच बसला. वर्ग एकाएकीं गप्प झाला कीं मी फळ्याकडून वळून पाहत असें; तो अनुभव त्या मंडळींस नसावा. सव्वाचारच्या आंत अमेरिकेचीं आठ राज्यें आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारें पांच कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कांतील भुयारी गाड्या जागच्या जागीं थांबल्या.

दोन्ही राष्ट्रांच्या संयुक्त समितीनें एप्रिल २००४ मध्यें दिलेल्या अहवालांत, वेळेवर न छाटलेल्या झाडांनाही दोष दिला आहे.

नातू म्हणाले, “आतां तारा आणि झाडें यांतील अंतर विमानांतून प्रकाशकिरणांनीं मोजतात, आजोबा.”

“उत्तम. तें माप वाचून कोयता घेऊन जातो कोण?”

“विचारून सांगतों,” म्हणाले. अद्याप सांगितलेलें नाहीं.