भीमाकाठचे लोखंड आणि गंजाचे शास्त्र

मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला. चार जणांचा जीव गेला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. पुलावर पर्यटकांची मोठी गर्दी होती हे खरे. पण पूल जुना आणि गंजलेला होता, हेही प्राथमिक माहितीतून पुढे आले. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. त्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने सहा दिवस आधीच नौदलाला पाठवले होते. दोन्ही घटनांची कारणे एवढीच नाहीत. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. गंज एका रात्रीत चढला नव्हता, तो डोळ्यांना दिसत होता.

कुंडमळ्याची हीच इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते. आणखी खाली, रांजणगाव सांडसजवळ, पुण्यातून आलेली मुळा-मुठा भीमेत येते. तिथून पुढे डाव्या तीरावर शिरूर आणि उजव्या तीरावर दौंड अशी ही नदी वाहते. या पट्ट्यात पाण्याशी रोज झुंजणारे लोखंड भरपूर आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे, मासेमारीच्या नावा, शेतकऱ्यांच्या उपसा मोटारींचे पाइप आणि फूटव्हॉल्व्ह, पुलांचे कठडे, अशी ही यादी लांबवता येईल. कुंडमळ्यानंतर जिल्ह्यात चर्चा झाली ती मुख्यतः पुलांची. नदीतले बाकीचे लोखंड मात्र दुर्लक्षितच राहिले.

लोखंड नुसत्या पाण्याने गंजत नाही. त्याला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात क्षार विरघळलेले असतील, तर ही क्रिया वेगाने होते. लोखंडाच्या एका भागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, दुसऱ्या भागावर प्राणवायू ते घेतो आणि मधले पाणी विजेच्या तारेसारखे काम करते. ज्या भागातून इलेक्ट्रॉन जातात, तो भाग झिजतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणूनच रंग फुगतो, पापुद्रे निघतात आणि आतला नवा पत्रा उघडा पडतो.

ढापा किंवा नाव नीट पाहिली, तर सर्वाधिक झीज तळाशी नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या आसपास आढळते. तिथे लोखंड कधी ओले होते, कधी सुकते आणि प्राणवायूही मुबलक असतो. शिवाय पृष्ठभागाजवळ प्राणवायू जास्त आणि थोडे खाली कमी असल्याने, रेषेच्या लगेच खालचा भाग झिजणारी बाजू बनतो. बंधाऱ्यातले पाणी रोज थोडे थोडे उतरते, तशी ही रेषाही सरकत जाते.

भीमेच्या या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे सांडपाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यातील ५३ महाराष्ट्रातले होते आणि त्यांत मुळा, मुठा व भीमेचाही समावेश होता. सांडपाण्यात विरघळलेले क्षार वीज वाहण्यास मदत करतात. बंधाऱ्यामागे गाळ साचतो, वर जलपर्णी पसरते आणि गाळातला प्राणवायू संपतो. अशा ठिकाणी गंज थांबायला हवा, असे वाटते. पण तिथे सल्फेटवर जगणारे जीवाणू वाढतात. ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच वायूचा. लोखंडावर काळा थर चढतो आणि त्याखाली खड्डे पडतात. हा गंज तांबूस नसल्याने सहज लक्षात येत नाही.

फायबरची नाव गंजत नाही, म्हणून अनेकांना ती सुरक्षित वाटते. पण तिचे इंजिन, सुकाणू, कड्या, साखळी आणि नट-बोल्ट धातूचेच असतात. बोल्टचा दिसणारा माथा चकचकीत असतो, झीज होते ती फायबरच्या भोकात, जिथे पाणी अडकून राहते. स्टेनलेस स्टीलही याला अपवाद नाही. त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो. तो चिखलात किंवा फटीत मिळाला नाही, की तिथे खड्डे पडू लागतात. पितळेच्या मोठ्या भागाला साधा लोखंडी बोल्ट लावला, तर लोखंड आणखी लवकर झिजते. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले, की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते.

हाच दोष औषध म्हणूनही वापरता येतो. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. जहाजांच्या तळाला आजही जस्ताचे ठोकळे लावतात ते याच तत्त्वाने. गोड्या पाण्यात मात्र मॅग्नेशियमचे ठोकळे अधिक उपयोगी पडतात, कारण तिथे जस्ताचा जोर कमी पडतो. ठोकळा अर्ध्याहून अधिक झिजला, की बदलायचा. त्याच्यावर रंग लावला, तर त्याचा उपयोगच संपतो.

ढाप्यांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची असते. पावसाळा संपला की साधारण ऑक्टोबरमध्ये ढापे बसवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. म्हणजे वर्षातले काही महिने हे लोखंड हाताशी असते. पण त्या काळात ते काठावर उघड्यावर, एकावर एक रचलेले असेल, तर मधल्या फटींत पावसाचे पाणी साचते. नदीतून बाहेर काढलेले लोखंड मग जमिनीवरच गंजत राहते. ऑक्टोबरमध्ये तोच भोके पडलेला ढापा पुन्हा खाचेत बसतो. गळती थांबवायला प्लास्टिकचा कागद आणि माती लावली जाते. उन्हाळ्यात उसाला लागणारे पाणी मात्र त्याआधीच वाहून गेलेले असते.

उपाय महागडे नाहीत, पण क्रमाने करावे लागतात. काढलेले ढापे धुवून, वाळवून, जमिनीपासून उंच आणि छपराखाली ठेवावेत. सुटा गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने पूर्ण काढावा. त्यानंतर लगेच प्राइमर आणि इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. गंजावर मारलेला रंग गंज झाकतो, थांबवत नाही. हातोडीने ठोकल्यावर बोदा आवाज आला किंवा पत्रा दबला, तर तो ढापा बाजूला काढावा. नावेच्या बाबतीत इंजिनाचे आणि सुकाणूचे बोल्ट वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढून पाहावेत. एकाच धातूचे नट, बोल्ट आणि वॉशर वापरावेत, शक्य नसेल तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनचा तुकडा घालावा.

काम करणाऱ्यांची काळजीही तेवढीच महत्त्वाची आहे. जुन्या शेंदरी प्राइमरमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासला, तर शिशाची धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे विशेष घातक असते. म्हणून पृष्ठभाग ओला करून खरवडावा, चांगला मास्क वापरावा आणि कामाचे कपडे घरात आणू नयेत. गंजलेल्या पत्र्याने कापले, तर धनुर्वात होतो तो गंजामुळे नव्हे. तो होतो मातीतल्या जीवाणूमुळे, आणि खडबडीत पत्र्यामुळे होणाऱ्या खोल जखमेत त्याला वाढायला जागा मिळते. जखम धुवून धनुर्वाताची लस अद्ययावत आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

कायदा या बाबतीत पूर्ण गप्प नाही. १९१७ चा जुना कायदा बदलून आलेल्या अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये यांत्रिक नावांची नोंदणी आणि तपासणी यांची तरतूद आहे. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा राज्याचा कायदा २००५ पासून आहे आणि त्यात पाणीवापर संस्थांची तरतूद आहे. प्रश्न आहे तो तपासणीची तारीख कोण ठरवतो आणि नोंद कोण ठेवतो, याचा. प्रत्येक ढाप्याला क्रमांक, शेवटच्या रंगाची तारीख आणि जाडीची नोंद, एवढे एका वहीत असले, तरी पावसाळ्यात कोणता दुरुस्त करायचा आणि कोणता भंगारात काढायचा, हे ठरवता येते. जलसंपदा विभाग, पाणीवापर संस्था आणि ग्रामपंचायत यांपैकी ही वही कोणाकडे असेल, हे ढापे पाण्यात उतरण्याआधी ठरायला हवे.