गडी बदलतो, मंडळी टिकते

चार तरुण एकत्र येतात, कोणाच्या तरी घरातील रिकाम्या खोलीत गिटार, ड्रम आणि ध्वनिवर्धक मांडतात आणि एक रॉक बँड जन्माला येतो. अशा मंडळींचे आयुष्य बहुधा दोन-तीन वर्षांचेच असते. कोणी परीक्षेत गुंततो, कोणी नोकरीसाठी परगावी जातो, कोणाचे लग्न ठरते, तर कोणाचे दुसऱ्याशी बिनसते. ही तरुणपणाची हौस होती, ती फिटली, असे म्हणून वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. तथापि एखादा बँड मोडतो तेव्हा केवळ हौस संपत नाही. अनेक महिन्यांच्या तालमींतून तयार झालेली एक सामायिक भाषा त्याबरोबर संपते. म्हणूनच, माणसे बदलूनही काही मंडळी टिकतात आणि बाकीच्या का टिकत नाहीत, या प्रश्नाचा विचार गांभीर्याने करावयास हवा.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास हा फाटाफुटीचा आणि पुनर्जन्मांचाच इतिहास आहे. १८८० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीतून १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीवर त्या वेळी आकाशच कोसळले होते. परंतु पुढच्याच वर्षी दीनानाथ मंगेशकरांसारखा गुणी मुलगा तिला मिळाला आणि मंडळी सावरली. १९१८ मध्ये दीनानाथांनीही वेगळी चूल मांडून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. केशवराव भोसले यांनी १९०८ साली स्थापन केलेली ललितकलादर्श त्यांच्या १९२१ मधील अकाली निधनानंतर बापूराव पेंढारकरांनी चालवली आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी तिचे नाव राखले. प्रमुख नट गेला म्हणजे पडदा कायमचा पडलाच, असे नव्हे, हा धडा आपल्या घरातच आहे.

रॉक संगीताच्या प्रांतात मुंबईपुरते बोलायचे तर १९८४ मध्ये निघालेल्या ‘रॉक मशीन’चे उदाहरण डोळ्यांपुढे येते. ज्या काळी आपल्याकडचे बँड प्रामुख्याने परदेशी गाण्यांची उजळणी करीत, त्या काळी या मंडळीने स्वतःची गाणी रचली व १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही ध्वनिफीत काढली. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नवे नाव धारण केले. १९९७ मध्ये मंडळी विसर्जित झाली. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. येथे कथा संपावयाची, पण ती संपली नाही. २०१० मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व कीबोर्डवादक झुबीन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेस व ड्रमसाठी त्यांनी नव्या पिढीतील वादक घेतले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम दिला. केवळ जुनी गाणी वाजवून आठवणींवर पोट भरण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याहून कठीण कसोटी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ला द्यावी लागली. असीम चक्रवर्ती आणि सुस्मित सेन यांनी १९९० मध्ये हा बँड उभा केला. पुढे राहुल राम आणि अमित किलम त्यात आले. नर्मदेच्या खोऱ्यातील आंदोलनाशी राहुल राम यांचा निकटचा संबंध होता; तेथील लोकगीताला या बँडने आपल्या वादनाची जोड दिली आणि ‘मा रेवा’ देशभर गाजले. ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला, तेव्हा या चौघांपैकी एकाला वगळून त्या संगीताची कल्पनाच कोणी करू शकत नव्हते. असे असता २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्तींचे निधन झाले. ते एकाच वेळी तबला वाजवीत आणि गातही असत. ती जागा भरण्यासाठी एक नव्हे, दोन माणसे घ्यावी लागली: गायनासाठी हिमांशु जोशी आणि तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले व निखिल राव यांनी गिटार हाती घेतले. म्हणजे दोन्ही संस्थापक उरले नाहीत, तरीही बँड उरला. २०१४ मध्ये ‘तांडानू’ आणि २०२३ मध्ये ‘तू है’ हे अल्बम नव्या मंडळीने दिले.

हे कशामुळे साधले? पहिले कारण असे की, गेलेल्या माणसाची नक्कल करणारा माणूस शोधण्याचा मोह त्यांनी टाळला. नक्कल ऐकताना श्रोत्याला मूळ आवाजाचीच आठवण होत राहते. नव्या माणसाला स्वतःचे काही आणण्याची मुभा असेल तरच तो घरचा होतो. एरवी तो बदली कामगार राहतो. दुसरे कारण, गाणी एकाच्या डोक्यातून उतरून इतरांना वाटली जात नव्हती. ती सर्वांनी मिळून तालमीत घडवलेली होती. त्यामुळे एकजण गेला तरी घडवण्याची रीत मागे राहिली. तिसरे कारण अगदीच साधे, परंतु सर्वांत महत्त्वाचे: त्यांना तालमीची कायमची जागा होती. करोलबागेतील ज्या जुन्या बंगल्यात ही मंडळी वर्षानुवर्षे वाजवीत असत, त्याचाच पत्ता, ‘१६/३३० खजूर रोड’, हे त्यांनी असीम यांच्या आवाजातील गाणी असलेल्या २०१० मधील अल्बमला नाव दिले. अल्बमला तालमीच्या खोलीचे नाव द्यावेसे वाटणे यातच सर्व काही आले.

आता आपल्या शहरांकडे पाहावे. मुंबई-पुण्यात दोन खोल्यांच्या घरात ड्रम वाजवणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर पत्करणे. भाड्याचे तालीमघर तासावर मिळते आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला ते परवडत नाही. धोबी तलावाच्या ज्या रंगभवनात रॉकच्या मैफली भरत, तेथील आवाज शांतता क्षेत्राच्या नियमांनी मिटला. रुग्णालयांच्या शांततेबाबत वाद असण्याचे कारण नाही. परंतु एक जागा काढून घेताना पर्यायी जागा देणे हे कोणाचेच कर्तव्य नव्हते काय? महापालिकांच्या शाळा सायंकाळी रिकाम्या असतात. त्यांतील एखाद-दुसरी खोली ध्वनिरोधक करून माफक भाड्याने, रात्री नऊपर्यंत, नाटकवाल्यांना, शाहिरांना आणि बँडवाल्यांना सारखीच खुली ठेवली तर तिजोरीवर फार मोठा बोजा पडेल असे नाही. हे परदेशी संगीत आहे, त्यावर जनतेचा पैसा कशाला, असा आक्षेप येईल. पण ज्या हार्मोनियमवर आपली संगीत रंगभूमी वाढली, ती पेटीही युरोपातूनच आली होती.

तथापि सर्व दोष सरकारवर ढकलणे योग्य होणार नाही. अनेक बँड स्वरांवरून नव्हे, तर पैशांवरून आणि नावावरून मोडतात. नाव कोणाचे, गाणे कोणाचे, बाहेर पडणाऱ्याला काय मिळणार, याची बोलणी मैत्रीच्या भरात कोणी करीत नाही. मिळकत वाटून घेणारी मंडळी कायद्याच्या दृष्टीने भागीदारी ठरू शकते, आणि १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने ती संपुष्टात येते. एका कागदावर चार कलमे लिहून सर्वांनी सह्या केल्याने मैत्रीला बाध येत नाही. उलट भांडणाच्या दिवशी तोच कागद मैत्री राखतो. बाहेर पडणाऱ्याने रचलेल्या गाण्यांवर त्याचे नाव आणि त्याचा वाटा कायम राहील, हे त्यातील पहिले कलम असावे.

माणसे जाणारच. कोणी पोटासाठी जाईल, कोणी रुसून, तर कोणी कायमचा. नव्याने आलेल्याला उपरा न मानणे आणि गेलेल्याचे श्रेय न पुसणे, एवढी दोन पथ्ये पाळली आणि दर आठवड्याला एकत्र बसण्यापुरते चार भिंतींचे छप्पर मिळाले, तर गल्लीतला बँडही वीस वर्षे टिकू शकतो. पहिली दोन तरुणांच्या हाती आहेत; छप्पर मात्र शहराने द्यावयाचे आहे.