द्यावे, पण मोजून

बुलढाण्याहून जालन्याच्या दिशेने निघाले की जिल्हा संपत येतो त्या सुमारास धाड लागते. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ असलेले हे गाव, भोवती सोयाबीन आणि कपाशीची शेती. अशा गावातल्या घरात संगणक येतो तो बहुधा एकच, आणि तो साऱ्या घराचा असतो. ताईचा प्रवेशअर्ज त्यावर भरायचा, वडिलांचा सातबारा त्यावर पाहायचा, दुकानाचा हिशेबही त्यावरच ठेवायचा. या सगळ्यातून वेळ उरला की घरातले धाकटे त्याच्यासमोर बसते आणि खेळ सुरू करते. मग थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते : खेळ अडकतो, चित्र गोठते, मधेच सगळे बंद पडते. मुलाचे म्हणणे असते, संगणक जुना झाला, नवा घ्या. वडिलांचे म्हणणे असते, खेळच वाईट, तो काढून टाक. दोघेही आपापल्या मतावर ठाम असतात आणि बऱ्याचदा दोघेही चुकत असतात. दोष संगणकाचा नसतो, खेळाचाही नसतो. वाटप चुकलेले असते.

ज्या खेळावरून ही भांडणे सर्वाधिक होतात, त्याचे नाव माइनक्राफ्ट. मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ साली तो लोकांपुढे आणला, २०११ साली त्याची पूर्ण आवृत्ती निघाली आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनीच अडीचशे कोटी डॉलरला विकत घेतली. आजवर त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. खेळ तसा साधा. सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे. ठोकळे खणायचे, रचायचे, घर बांधायचे. पण त्याची खरी गोडी आहे ती मॉडमध्ये. मॉड म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी लिहून या खेळाला जोडलेली पुरवणी. ‘क्रिएट’ नावाच्या एका मॉडमध्ये पाणचक्की, पवनचक्की, दातेरी चाके आणि पट्टे जोडून अख्खा कारखाना उभा करता येतो. अशी दोनशे-तीनशे मॉड एकत्र बांधलेले गठ्ठे मिळतात आणि मुले ते हौसेने उतरवून घेतात. अडचण सुरू होते ती इथे.

ही अडचण समजायला स्वयंपाकघर आठवावे. धान्याची कोठी मोठी असते, पण प्रत्यक्ष काम चालते ते ओट्यावर. संगणकातली डिस्क ही कोठी आणि रॅम, म्हणजेच मेमरी, हा ओटा. कोठी कितीही भरलेली असली तरी ओट्यावर जेवढी जागा, तेवढेच काम एका वेळी होते. आता माइनक्राफ्टची संगणकावरची मूळ आवृत्ती जावा या भाषेत लिहिलेली आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली आणलेल्या या भाषेची एक शिस्त आहे. प्रोग्रामला ओट्यावरची किती जागा वापरायची मुभा आहे, याची मर्यादा आधीच ठरवलेली असते. ही मर्यादा अनेक वर्षे दोन जीबी एवढीच ठरवून दिलेली होती. साध्या खेळाला ती पुरे. तीनशे मॉडचा गठ्ठा मात्र तिच्यात मावत नाही. संगणकात आठ जीबी असतात, त्यातले तीन-चार रिकामे असतात, आणि खेळ बिचारा दोनातच गुदमरत असतो. घरात धान्य असून पानात वाढलेलेच नाही, अशातली गत.

गुदमरणे म्हणजे काय, तेही पाहू. जावा आपला ओटा स्वतःच आवरते. नको झालेली माहिती शोधून ती जागा मोकळी करते. ही कल्पना जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५९च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी मांडली होती. जागा पुरेशी असेल तर ही आवराआवर अधूनमधून होते आणि कोणाला जाणवतही नाही. जागा अपुरी असली की आवरणाऱ्याला उसंत मिळत नाही. एक भांडे उचलावे तो दुसरे येऊन पडते. आवरण्यासाठी खेळाला क्षणभर थांबवावे लागते, आणि असे क्षण सेकंदागणिक येऊ लागले की पडद्यावरचे चित्र धक्के खाते.

हे कळले की मुले दुसऱ्या टोकाला जातात. आठ जीबी आहेत ना, मग आठच्या आठ देऊन टाकू! इथे खरे नुकसान होते. विंडोजला स्वतःला जागा लागते, विषाणूरोधकाला लागते, मागे उघड्या राहिलेल्या ब्राउझरला लागते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकात चित्र काढण्याची मेमरीही याच रॅममधून जाते. शिवाय जावा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बाहेरही थोडी जागा घेतेच. सगळ्यांचे भागेनासे झाले की विंडोज ओट्यावरचे सामान कोठीत नेऊन ठेवू लागते आणि लागेल तसे परत आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद. जुनी फिरणारी डिस्क असेल तर विचारायलाच नको. खेळ तर अडकतोच, पण सारा संगणक मान टाकतो. आणखी एक गोष्ट अशी की ओटा फार मोठा केला तर आवराआवर क्वचित होते, पण होते तेव्हा जास्त वेळ खाऊ शकते. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत हे अधिक जाणवते.

शेतकऱ्याच्या घरात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पाणी कमी पडले तर पीक वाळते आणि जास्त झाले तर मुळे कुजतात. पश्चिम महाराष्ट्रात कालव्याचे पाणी आले तेव्हा उसाला अमर्याद पाणी देऊन कितीतरी काळी जमीन चोपण झाली. याउलट धुळे-नाशिककडची जुनी फड पद्धत पाहा. नदीवर छोटे बंधारे, गावाने ठरवलेल्या पाळ्या आणि पाण्यावर लक्ष ठेवणारा पाटकरी. पाणी थोडेच होते, पण ते मोजून दिले जाई, म्हणून शेवटच्या शेतापर्यंत पोचे. संगणकातली मेमरीही तशीच मोजून द्यायची वस्तू आहे.

मोजायचे कसे? हे काम अवघड नाही. खेळ सुरू न करता विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि संगणक नुसता बसलेला असताना किती मेमरी खर्च होते ते पाहावे. आठापैकी तीन जात असतील तर उरतात पाच. त्यातला एक हातचा राखावा आणि चार खेळाला द्यावेत. खेळाच्या लाँचरमध्ये त्या त्या गठ्ठ्याच्या सेटिंगमध्ये जावासाठीचा एक रकाना असतो, तिथे एक्सएमएक्स या अक्षरांपुढे हा आकडा असतो. तेवढाच बदलायचा. साधारण अंदाज असा : साध्या खेळाला दोन ते तीन जीबी, मध्यम गठ्ठ्याला चार ते सहा, अगदी जड गठ्ठ्याला सहा ते आठ. त्यापुढे द्यायची गरज क्वचित पडते. सोळा जीबीचा संगणक असेल तर काळजीचे फारसे कारण नाही. चारच जीबी असतील तर जड गठ्ठ्याचा नाद सोडावा हे बरे.

मग खेळ सुरू करून एफ-३ हे बटण दाबावे. पडद्याच्या उजव्या बाजूला दिलेल्या मेमरीपैकी किती टक्के वापरात आहे ते दिसते. हा आकडा चढतो आणि एकदम खाली येतो, पुन्हा चढतो. चढला म्हणून घाबरू नये, तो चढायचाच. पाहायचे ते एवढेच की आवराआवर झाल्यावर तो कुठपर्यंत खाली येतो. निम्म्यावर येत असेल तर दिलेले पुरेसे आहे. ऐंशी-पंचाऐंशीच्या खाली उतरतच नसेल तर एक जीबी वाढवून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम वहीत टिपून ठेवावा. जावा ३२ बिटची असेल तर ती दोन जीबीदेखील घेऊ शकत नाही; तेव्हा आधी ६४ बिटची आहे ना, ते पाहून घ्यावे.

मागणी कमी करण्याचाही एक मार्ग आहे आणि त्यात शाळेतले गणित आहे. खेळात किती लांबपर्यंतचे जग दिसावे हे आपण ठरवू शकतो. आठचा आकडा ठेवला तर आपल्या भोवती १७ गुणिले १७, म्हणजे २८९ तुकडे सांभाळावे लागतात. सोळा केला तर ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९. आकडा दुप्पट झाला, ओझे मात्र पावणेचार पट. २०२१ सालच्या बदलानंतर एकेका तुकड्यात, रिकाम्या जागा धरून, १६ गुणिले १६ गुणिले ३८४, म्हणजे ९८,३०४ ठोकळ्यांची जागा असते. २८९ तुकड्यांत त्या होतात दोन कोटी चौऱ्याऐंशी लाख आणि १०८९ तुकड्यांत दहा कोटी सत्तर लाख. वर्ग म्हणजे काय हे फळ्यावर न समजलेल्या मुलाला ते इथे समजेल. शिवाय फेराइटकोरसारखी मेमरीच वाचवणारी मॉडही आहेत, तीही फुकट.

एवढे करूनही भागले नाही तर रॅम जरूर वाढवावी, पण मोजल्यानंतर. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर भडकल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी चिप उचलायला सुरुवात केली. मायक्रॉन या बड्या कंपनीने तर त्या डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशियल’ हा धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत एक आकडा बदलून जे काम होते त्यासाठी हजारो रुपये मोजणे सामान्य घराला परवडणारे नाही. आणि घ्यायचीच तर आपल्या संगणकाला कोणती बसते ते पाहून घ्यावी. डीडीआर-३च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही.

कोणी म्हणेल, एका खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? मला वाटते, खटाटोप खेळासाठी नाहीच. आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे टंकलेखन आणि अर्ज भरणे, अशी समजूत अजून गेलेली नाही. यंत्राच्या पोटात काय चालते हे विचारायला मुलाला कारण लागते, आणि ते कारण हा अडकणारा खेळ त्याला आयता देतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. परदेशातून महासंगणक मिळण्यात अडथळे येत होते, म्हणून त्यांनी अनेक प्रोसेसरना काम वाटून देण्याचा मार्ग धरला. हाती असलेल्या साधनांची नीट वाटणी करणे हीही विद्याच आहे. वऱ्हाडातल्या एका माणसाने ती देशाच्या पातळीवर दाखवली. घरातल्या मुलाने ती आपल्या संगणकावर शिकली तर त्यात वाया काय गेले?

म्हणून आईवडिलांना एवढीच विनंती आहे. मुलाने नवा संगणक मागितला की लगेच पाकीट काढू नये आणि लगेच ओरडूही नये. त्याच्या शेजारी अर्धा तास बसावे आणि विचारावे : आहे किती, लागते किती, बाकीच्यांसाठी उरते किती? तिन्ही आकडे त्याला कागदावर मांडू द्यावेत. ताईचा अर्ज अर्धवट असताना खेळ चालू ठेवला तर कोणाची जागा कोण घेते, हेही त्याला त्याच कागदावर दिसेल. एकाच यंत्रावर चार जणांचे भागवायचे असते त्या घरात हा हिशेब मुलाला जितक्या लवकर कळेल तितके बरे.